समुद्राजवळची जुनी इमारत आणि तिच्यातले बंद फ्लॅट

रत्नागिरीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची इमारत 1994 सालची, तळमजला अधिक तीन मजले, एकूण सोळा फ्लॅट, समुद्र चालत दहा मिनिटांवर. पावसाळ्यात सातच फ्लॅट उघडे असतात. उरलेल्या नऊंचे मालक मुंबई-ठाण्याकडे, मे महिन्यात आणि गणपतीत येणारे. जूनमध्ये ताईंच्या स्वयंपाकघरातल्या स्लॅबचा परातीएवढा तुकडा खाली आला. ठेकेदार म्हणतो गिलावा करू, वर वॉटरप्रूफ रंग मारू. मुंबईचे मालक म्हणतात, आम्ही राहतच नाही तर पैसे कशाचे? एक बिल्डर पुनर्विकासाचा विषय काढून गेला आहे. ताईंना कळत नाही की दुरुस्ती करावी, पाडून नवी बांधावी, की फ्लॅट विकून गावच्या घरी जावं.

ताई, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि माझं बहुतेक काम याच किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींचं आहे. न बघता इमारतीचं निदान सांगणं योग्य नाही, पण तीस वर्षांची तीन मजली इमारत बहुतेक वेळा दुरुस्त होते. ती दुरुस्ती टिकेल की नाही हे मात्र सिमेंटपेक्षा त्या नऊ कुलपांवर ठरतं. म्हणून ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी कुलपांचा प्रश्न हातात घ्या.

आधी पडलेल्या तुकड्याबद्दल. तो फेकला नसेल तर ठेवा. असा तुकडा हातात घेतला की त्याच्या आतल्या बाजूला गजाचा तपकिरी ठसा दिसतो आणि गंजाचे पापुद्रे नखाने सुटतात. त्यात शिंपल्याचे बारीक पांढरे कण दिसले तर समजा की खाडीची वाळू नीट न धुता वापरली होती आणि मीठ बांधकामाबरोबरच आत गेलं. कण नसले तरी खाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर्षानुवर्षं आत झिरपत असतं. ते गजापर्यंत पोचलं की गजावरचा संरक्षक थर फुटतो आणि गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. ती जागा मिळवायला तो खालचं काँक्रीट ढकलतो, आधी गजाच्या रेषेत बारीक भेग दिसते, मग ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, मग तुकडा सुटतो. पाऊस हे निमित्त. रोग काही वर्षांपूर्वीच सुरू झालेला असतो.

1994 साली बांधणाऱ्याने प्रत्येक वेळी चोरीच केली असंही नाही. त्या काळी लागू असलेल्या 1978 च्या आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानक संहितेत आरसीसीला, म्हणजे गज घातलेल्या काँक्रीटला, एम 15 दर्जा चालायचा (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत) आणि स्लॅबमध्ये गजाखाली पंधरा मिलिमीटर काँक्रीटचं आवरण पुरेसं मानलं जायचं. 2000 साली हीच संहिता सुधारली तेव्हा समुद्रकाठच्या उघड्या बांधकामाला किमान एम 30 आणि 45 मिलिमीटर आवरण सांगितलं गेलं. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या जवळजवळ सगळ्या जुन्या इमारतींचं दुखणं. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, नैर्ऋत्येकडून येणारी झड आणि ऑक्टोबरपासून तापणारं ऊन. तुमच्या इमारतीची पश्चिम आणि दक्षिण बाजू बघा, छज्जे आणि बाल्कन्या तिकडेच जास्त फुटलेल्या असतील.

आता ठेकेदाराचा उपाय. गंजलेल्या गजावर नुसता गिलावा मारला तर तो एक-दोन पावसाळ्यांत पोकळ होतो. छताला आतून वॉटरप्रूफ रंग लावला तर वरून येणारं पाणी स्लॅबमध्ये कोंडतं. रंग कोरडा दिसतो आणि आत गंज चालू राहतो. नीट दुरुस्तीत सैल काँक्रीट फोडून गजाच्या मागे बोट जाईल इतकी जागा मोकळी करावी लागते, गज चकचकीत होईपर्यंत घासावा लागतो, जिथे गज झिजून बारीक झाला असेल तिथे नवा गज जोडावा लागतो, गंजरोधक लेप आणि जोड-लेप लावून मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरावं लागतं. हे करण्याआधी खालून टेकू दिले आहेत का ते बघा. टेकू न देता तुळई फोडायला घेणाऱ्या माणसाला काम देऊ नका.

समुद्रकाठी आणखी एक गोष्ट घडते, ती बरेच ठेकेदार सांगत नाहीत. मीठ शिरलेल्या स्लॅबमध्ये एवढाच तुकडा नवा केला की नव्या भागातला गज सुरक्षित होतो, पण त्याच्या कडेचा जुना गज पूर्वीपेक्षा वेगाने गंजू लागतो. दोन वर्षांनी ठिगळाला लागूनच नवा तुकडा पडतो आणि लोक म्हणतात काम वाईट झालं. काम चांगलं असूनही हे होतं. म्हणून फक्त तुमचं स्वयंपाकघर दुरुस्त करून तुमचं भागणार नाही. कुठे मीठ किती खोल गेलंय हे कळल्याशिवाय कुठपर्यंत फोडायचं ते ठरत नाही. फार खराब पट्ट्यांत ठिगळाच्या कडेने जस्ताचे अॅनोड बसवतात, ते गजाऐवजी स्वतः झिजतात. खर्च वाढतो, पण समुद्राच्या इतक्या जवळ तो वाया जात नाही.

त्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट हवं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. तुमची इमारत आता दुसऱ्या गटात आली. ऑडिट म्हणजे हातोडी आपटून चार फोटो काढलेला अहवाल नव्हे. काँक्रीटचा टणकपणा आणि आतल्या पोकळ्या तपासणारी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी होईलच, पण किनाऱ्यावर मी दोन गोष्टींचा आग्रह धरतो. एक, हाफ-सेल चाचणी. यात गजाचं विद्युत विभव मोजतात. उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली आकडा गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त धरतात, मग वरून काँक्रीट कितीही धड दिसो. दुसरी, ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची पूड काढून तिच्यातलं क्लोराइड प्रयोगशाळेत मोजणं. फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारून काँक्रीट गुलाबी झालं म्हणजे सगळं ठीक, असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. ती चाचणी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम दाखवते. मिठाबद्दल ती काही सांगत नाही, आणि आपलं मुख्य दुखणं मीठ आहे.

ही तपासणी सोळाही फ्लॅटमध्ये व्हायला हवी. इथे आपण कुलपांपाशी येतो.

बंद घर वापरात नाही म्हणून झिजत नाही असं मालकांना मनापासून वाटतं, आणि त्यांचा राग करण्यात अर्थ नाही. कित्येकांनी पीएफच्या पैशांतून, निवृत्तीनंतर इथे येऊ म्हणून तो फ्लॅट घेतलेला असतो. पण समुद्राजवळ बंद फ्लॅटच इमारतीला सगळ्यात महाग पडतो. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा असा फ्लॅट मालकाच्या परवानगीने उघडला होता. दार फुगल्यामुळे खांदा लावून ढकलावं लागलं. पश्चिमेच्या बाल्कनीत पारव्यांची विष्ठा, पिसं आणि वाऱ्याने आलेला पाला यांनी जाळी बुजली होती आणि चार बोटं पाणी साचलेलं होतं. उंबऱ्यावरून ते हॉलच्या लादीखाली शिरलं होतं. सरकत्या खिडकीच्या चॅनेलमधली पाणी निघायची भोकं धुळीने बंद, म्हणून झडीचं पाणी आतल्या भिंतीवरून उतरत होतं. न्हाणीघरातला वास अडवणारा पाण्याचा ट्रॅप सुकलेला, त्यातून झुरळं आणि वास खुशाल वर येत होते. कपाटाच्या मागची भिंत काळी पडली होती. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आपल्या छताला दरवर्षी पुट्टी भरत होते आणि वरची गच्ची गळते म्हणून सोसायटीशी भांडत होते. गच्ची धड होती. पाणी या बाल्कनीतून येत होतं.

नळ उघडा राहण्याचा प्रकार तर दर मे महिन्यात कुठे ना कुठे होतो. नळाला पाणी नसताना कोणी तोटी फिरवून बघतं, तशीच ठेवतं, रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतं, आणि पहाटे पाणी येतं.

म्हणून माझा सल्ला, दुरुस्तीच्या ठरावाआधी किल्ल्यांचा ठराव करा. प्रत्येक बंद फ्लॅटची एक किल्ली मालकाच्या लेखी संमतीने इमारतीतल्याच त्याच्या विश्वासाच्या माणसाकडे राहावी. ती सेक्रेटरीकडेच हवी असं काही नाही, ज्याचं ज्याच्याशी जमतं त्याच्याकडे द्यावी. एक वही ठेवा. मेअखेर, जुलैच्या मध्यावर आणि पाऊस संपल्यावर दोन माणसांनी मिळून फ्लॅट उघडायचा, बाल्कनीची जाळी साफ करायची, खिडकीची भोकं मोकळी करायची, सगळ्या ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं, मुख्य कॉक बंद असल्याची खात्री करायची, फोटो मालकाला पाठवायचे आणि वहीत सही करायची. एका फ्लॅटला अर्धा तास लागतो. जुलैची फेरी चुकवू नका, कारण गळती कुठून होते हे भर पावसातच दिसतं. ऑक्टोबरमध्ये नुसते डाग उरतात आणि डागांवरून वाद होतात.

खर्च कोणाचा, याचं उत्तर उपविधींत आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामायिक पाइप आणि पावसाचं पाणी यांमुळे होणारी गळती सोसायटीने बघायची. फ्लॅटच्या आतल्या संडास-न्हाणीघर-सिंकमधून होणारी गळती त्या सभासदाने. दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, किमान 0.25 टक्के जमा करायचा असतो. यात घर उघडं की बंद असा भेद नाही. 1994 साली एखाद्या फ्लॅटचा बांधकामखर्च दोन लाख धरला तर हा हिशेब वर्षाला दुरुस्तीचे 1500 आणि सिंकिंगचे 500 रुपये होतो. आजच्या दरात त्यात एक छज्जाही होणार नाही. पण हे किमान दर आहेत. सर्वसाधारण सभेला जास्त दर ठरवता येतो आणि तुम्ही तो ठरवायला हवा. मोठ्या कामासाठी वेगळी वर्गणी काढताना ती क्षेत्रफळाप्रमाणे काढली तर लहान फ्लॅटवाल्यांवर अन्याय होत नाही. दिली नाही तर थकबाकीवर सरळव्याजाने 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं आणि सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 खाली वसुलीचा दाखला मिळवता येतो. ही वाट उपलब्ध आहे, पण सुरुवात तिथून करू नका. नोटीस गेली की माणूस वकिलाकडे जातो आणि तुमचा एक कोरडा हंगाम हातचा जातो.

मुंबईचा मालक पैसे का देत नाही याचं माझ्या अनुभवातलं कारण कंजूषपणा फार क्वचित असतं. त्याला काम दिसत नाही. त्याच्या फोनवर पडलेल्या तुकड्याचा फोटो येतो आणि पाठोपाठ आकडा येतो. त्याला वाटतं, इथे असलेले चारजण ठेकेदाराशी संगनमत करताहेत. हे बदलायचं तर ऑडिटच्या अहवालात प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र पान करून घ्या, त्यात त्या फ्लॅटचे फोटो आणि चाचणीचे आकडे असू द्या. आपल्या झोपायच्या खोलीवरच्या तुळईला उणे 400 आलं हे वाचल्यावर माणूस वेगळ्या आवाजात बोलतो. निविदा तीन मागवा आणि तिन्ही सगळ्यांना पाठवा. दुरुस्तीचं खातं वेगळं काढा, सही करणाऱ्यांत एक मुंबईचा सभासद घ्या. बिल इंजिनिअरने मोजमाप तपासून सही केल्यावरच द्यायचं, हे करारात लिहा.

मतदानाचाही मार्ग आहे. वैयक्तिक सभासदाला मुखत्यार पाठवून सभेत मत देता येत नाही, पण सहकार कायद्याच्या 2019 च्या सुधारणेनंतर पती, पत्नी, आईवडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, सून, जावई, पुतण्या, भाची अशा जवळच्या नातेवाइकाला सहयोगी सभासद करून घेता येतं, आणि मूळ सभासदाच्या पूर्वलेखी संमतीने तो त्याचे हक्क बजावू शकतो. मुंबईच्या मालकाचा भाऊ किंवा पुतण्या रत्नागिरीतच राहत असतो, कित्येकदा किल्लीही त्याच्याचकडे असते. त्याला रीतसर आत घ्या.

सभा कधी घ्यायची? वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावीच लागते. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सभा ठेवा. त्याआधीचे दिवस प्रत्येकाच्या घरी पाहुणे, आरत्या आणि मूळ गावी जाणं यांत जातात. त्यानंतर दोन दिवसांत गाड्या भरून सगळे परत निघतात. तेवढा एक दिवस धरायचा. चौदा दिवसांची नोटीस लागते, म्हणून ती श्रावणातच पाठवा, आणि सोबत अहवाल पाठवा.

या तारखेचा कामाच्या हंगामाशीही मेळ बसतो. ठराव गणपतीत झाला तर दिवाळीपर्यंत करार होतो आणि काँक्रीटचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी करता येतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मार्च-एप्रिलमध्ये. मेपर्यंत काम रेंगाळू देऊ नका. ज्या वर्षी शीळ धरणाचा साठा लवकर उतरतो त्या वर्षी शहरात दिवसाआड पाणी येतं आणि ठेकेदार टँकर किंवा जवळची बोअर वापरू लागतात. समुद्राजवळच्या विहिरी आणि बोअर उन्हाळ्यात जास्त उपसल्या की त्यांत खारं पाणी शिरतं. असं पाणी मॉर्टरमध्ये आणि पाणी मारायला वापरणं म्हणजे जे मीठ काढायला पैसे दिले तेच परत भरणं. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पाण्याची चाचणी स्वस्त आहे, करारात तिची अट घाला.

गच्चीवर पत्र्याची शेड घालावी का, हे तुम्ही विचारलेलं नाही पण सभेत कोणीतरी विचारणारच. चांगली शेड गच्चीचं आयुष्य वाढवते, माझा तिला विरोध नाही. पण 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे किती छपरं उडाली ते आपण पाहिलं आहे. शेडचे खांब गच्चीच्या कठड्यावर उभे करू नका. कठडा वाऱ्याची ओढ घेण्यासाठी बांधलेला नसतो. खांब इमारतीच्या कॉलमच्या डोक्यावर यावेत, नकाशा इंजिनिअरकडून घ्यावा, नगरपरिषदेची परवानगी घ्यावी, आणि बोल्टसाठी पाडलेली भोकं बंद केल्याशिवाय वॉटरप्रूफिंग पूर्ण झालं असं मानू नये. पत्र्याआधी हुक आणि स्क्रू गंजतात, ते दरवर्षी मेमध्ये बघायचे. गच्चीवर खारवलेले बोंबील किंवा सुंगटं (कोळंबी) वाळत घालायची असतील तर शेडखाली उंच मांडव करा आणि खाली ताडपत्री घाला, म्हणजे मिठाचं पाणी स्लॅबवर ठिबकणार नाही. मासळीवरून जेवढी भांडणं मी सभांत ऐकली आहेत तेवढी गळतीवरूनही ऐकलेली नाहीत. वाळवायची एक जागा आणि साफ करायला एक नळ ठरवून दिला की तो विषय बहुतेक वेळा मिटतो.

बंद फ्लॅट भाड्याने देता येतील का, याचाही विचार मालकांपुढे ठेवा. फिनोलेक्सचं इंजिनिअरिंग कॉलेज, गोगटे-जोगळेकर कॉलेज, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय यांत बाहेरून शिकायला येणारी मुलं आहेत, बदलीवर आलेले कर्मचारी आहेत. ज्या घरात रोज झाडू फिरतो आणि खिडक्या उघडतात ते घर टिकतं. भाडेकरू ठेवायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, लेखी कळवून कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांत माहिती द्यायची. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी मालकाकडून घेते ते, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशापासून ठरलेलं आहे. भाडेकरू मासे खातो की नाही, मुसलमान आहे की हिंदू, एकटी बाई आहे की काय, यावरून समितीने अडवणूक करू नये. रत्नागिरी हे राजिवडा, मिरकरवाडा, वरची आळी, मांडवी अशा सगळ्या वस्त्यांनी मिळून झालेलं गाव आहे, आणि 1931 साली जिथे सर्वांना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश देणारं पतितपावन मंदिर उभं राहिलं त्या गावात फ्लॅटच्या दारावरून माणसं परत पाठवणं मला सहन होत नाही. व्यवहार म्हणून बघितलं तरी, अशा अडवणुकीने फ्लॅट बंद राहतो आणि खालच्याचं छत ओलं होतं.

आता बिल्डर. पुनर्विकास नको असं माझं म्हणणं नाही, पण मुंबईचं गणित इथे लावू नका. तिथे जुन्या रहिवाशाला वाढीव जागा मिळते कारण उरलेले फ्लॅट प्रचंड भावात विकले जातात. आपल्याकडे विक्रीचा भाव तेवढा नाही आणि बांधायचा खर्च जवळपास तेवढाच आहे. त्यात तुमची जागा समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची, अडचण आहे, किती मजले चढवता येतील हे त्यावर ठरेल. बिल्डरने दाखवलेला नकाशा बघण्याआधी हे उत्तर लेखी मागा. शिवाय 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाच्या विशेष सभेला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश गणपूर्ती लागते आणि एकूण सभासदांच्या 51 टक्क्यांची मंजुरी. तुमच्या सोळांत म्हणजे अकरा हजर आणि नऊ बाजूने. उघडे फ्लॅट सात. नऊ कुलपांशी बोलल्याशिवाय हाही रस्ता बंदच आहे.

आणि जमीन कोणाच्या नावावर आहे? तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही. इमारतीची नोंदणी सहकारी सोसायटी म्हणून झाली आहे की 1970 च्या कायद्याखाली अपार्टमेंट म्हणून, हे पहिल्यांदा बघा, कारण दोन्हींचे नियम वेगळे आहेत आणि मी वर लिहिलेलं बरंचसं सोसायटीला लागू आहे. आपल्याकडे तिसरा प्रकारही पुष्कळ आढळतो, नोंदणीच झालेली नाही आणि एक काका वहीत वर्गणी लिहून घेतात. तसं असेल तर आधी नोंदणी. सोसायटी असेल तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालं का ते बघा. कोकणात एका सातबाऱ्यावर आठ-दहा हिस्सेदार, त्यांतले दोन मयत, वारसनोंद बाकी, आणि बिल्डरने मुखत्यारपत्रावर बांधलेली इमारत हे नेहमीचं चित्र आहे. 1963 च्या मोफा या फ्लॅट-मालकीच्या कायद्याच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करता येतो, त्याला मूळ मालकाची किंवा बिल्डरची सही लागत नाही. दुरुस्तीला यासाठी थांबू नका, दोन्ही कामं समांतर चालवा. पुनर्विकास मात्र याशिवाय करू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, विकून गावी जावं का. स्लॅबचा तुकडा पडलेला फ्लॅट आज विकायला काढलात तर घेणारा तुमच्या गरजेचा भाव लावेल. एक हंगाम थांबा, ऑडिट आणि दुरुस्ती झाल्यावर कागद हातात असताना विकलात तर फरक तुम्हालाच दिसेल. आणि गावच्या घराचं म्हणाल तर कौलारू, चिऱ्याचं घर या हवेला आरसीसीपेक्षा चांगलं तोंड देतं हे खरं आहे, त्यात गंजायला सळई नसते. पण दरवर्षी कौलं चाळायला माणूस मिळतो का, रात्री-अपरात्री डॉक्टरकडे न्यायला गाडी मिळते का, हे आधी तिथे एक पूर्ण पावसाळा राहून बघा. साठी-सत्तरीची कित्येक जोडपी गावाकडून रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये येतात ती जिल्हा रुग्णालय जवळ असावं म्हणून.

तोपर्यंत स्वयंपाकघरात जिथून तुकडा पडला त्याच्या आजूबाजूचा पोकळ भाग माणूस बोलावून काढून टाका, ओट्यापाशी उभं राहायची जागा तात्पुरती बदला, आणि उघड्या पडलेल्या गजावर कोणाला गिलावा मारू देऊ नका. इंजिनिअरला तो गज उघडाच बघायचा आहे. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बंद असेल तर आजच त्या मालकाला फोन करा. पैशाचं काही बोलू नका, फक्त बाल्कनी आणि न्हाणीघर बघायला किल्ली मागा.